लेखक सक्रिय आहे

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा त्यांचा एक नवा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मला तो जेवणानंतरच्या सुस्त वेळेत, ऑफिसच्या पडद्यावर दिसला. आमच्या कामात प्रत्येक संशोधक म्हणजे ठिपक्यांचा एक पुंजका असतो. एक ठिपका म्हणजे एक निबंध, आणि त्या निबंधाचा हवाला जगात इतरांनी जितक्या वेळा दिला असेल तितका तो ठिपका मोठा. वडिलांचा पुंजका मी रोज उघडत असे. कामाचा भाग म्हणून नव्हे. ओळखीच्या बंद घराच्या खिडकीकडे आपण जाता-येता बघतो, तसं. डावीकडे त्यांच्या तरुणपणातले मोठे, गलेलठ्ठ ठिपके, मग मधली दाटी, मग हळूहळू विरळ, उजवीकडे आजारपणातला शेवटचा बारीक ठिपका, आणि त्यापुढे पांढरं. त्या पांढऱ्याची मला सवय झाली होती. त्या दुपारी पांढऱ्यात एक ठिपका होता. मी आधी बोटाने पडदा पुसला. ठिपका गेला नाही. बाण त्यावर नेला तशी चौकट उघडली: वडिलांचं आडनाव आणि आद्याक्षर, त्यांचा विभाग, त्यांचं विद्यापीठ, चालू महिना, आणि खाली हिरव्या अक्षरांत यंत्रणेचं नेहमीचं वाक्य: 'लेखक सक्रिय आहे.' शेजारच्या टेबलावर कुणीतरी संत्रं सोलत होतं. त्या वासाने मला एकदम आठवलं की मी जिवंत माणसांच्या खोलीत बसले आहे.

आमचं ऑफिस विद्यापीठांची क्रमवारी लावतं, विषयवार. माझ्याकडे मटेरिअल सायन्स आहे, म्हणजे धातू, काच, सिमेंट, प्लास्टिक, वस्तू ज्याच्या बनतात ते सगळं. आपल्या भाषेत याला धड नाव नाही. वडील म्हणायचे, साहित्यशास्त्र म्हणा. आई शाळेत भाषा शिकवायची. ती म्हणायची, ते आमच्याकडे आधीपासून आहे, तुम्ही दुसरं काहीतरी बघा. कुठल्या विद्यापीठाच्या संशोधनाचा किती प्रभाव पडला हे आम्ही आकड्यात सांगतो, आणि त्या आकड्यावर कुठे नवी इमारत उभी राहते, कुठे एखाद्या विभागाला कुलूप लागतं. माझं काम त्याच्याही आधीचं. माझ्याकडे नावं असतात. एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षराची कितीतरी माणसं जगात एकाच वेळी धातू वितळवत असतात. यंत्रणा अंदाजाने त्यांचे पुंजके करते आणि चुकते. दोन माणसं एक झाली असली की मी त्यांची फोड करते. एका माणसाची दोन झाली असली की जोड. "आज किती फोडलेस?" असं आम्ही घरी निघताना एकमेकांना विचारतो, आणि नवा आलेला माणूस ते ऐकून दचकतो. वडिलांच्या पुंजक्यात माझेही दोन ठिपके आहेत. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते तेव्हाचे. आडनाव एक, आद्याक्षर एक, विषय एक. यंत्रणेने आम्हाला एकच माणूस धरलं. मी त्यांना ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "असू दे. भाडं मागणार नाही मी." पुढे मी संशोधन सोडलं आणि मोजणाऱ्यांच्या बाजूला आले, तरी ते दोन ठिपके तिथेच राहिले, मोठ्या कुटुंबात मागच्या खोलीत राहणाऱ्या आश्रितासारखे.

मी निबंध उघडून वाचला. वडिलांचा विषय थकवा. माणसाचा नाही, धातूचा. एका फटक्याने जी सळई तुटणार नाही, तिला त्याहून कितीतरी हलका ताण पुन्हा पुन्हा देत राहिलं की एक दिवस ती तुटते, आणि तोपर्यंत बाहेरून तिच्यात काहीही दिसत नाही. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती. लहानपणी आईला शाळेत उशीर होणार असला की मला तिथे नेऊन बसवत. एका यंत्रात बोटाएवढी सळई अडकवलेली असायची आणि यंत्र तिला इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत असायचं, दिसेल न दिसेल इतपतच. वडील तिच्याजवळ कान नेत आणि मलाही न्यायला लावत. "काही ऐकू येतं?" "नाही." "तेच." मला वाटायचं, ते माझी परीक्षा घेताहेत आणि मी नापास होतेय. एकदा मी एकटीच बघत असताना सळई तुटली. आवाज पेन्सिल मोडल्याएवढाच झाला. यंत्र आपोआप थांबलं, आणि त्या खोलीत आधी किती आवाज होता हे मला तेव्हा कळलं. वडील पलीकडून धावत आले, तुकडे दिव्याखाली धरले आणि खूश होऊन म्हणाले, "गेला!" मी रडायला लागले. कोण गेला, ते मला कळेना.

निबंध इतरांनी लिहिल्यासारखा होता, नीटनेटका आणि बेचव. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं. सळईच्या आत, पृष्ठभागापासून दूर, एक भेग सापडली होती आणि ती तिथे का सुरू झाली असावी ते कळत नव्हतं. तिथे लिहिलं होतं: या भेगेबद्दल आम्हाला अजून काही म्हणायचे नाही. माझा हात टेबलावरून आपोआप मांडीवर आला. हे वडिलांचं वाक्य होतं. त्यांच्या निबंधांत ते कधी आलं नव्हतं. ते घरचं होतं. मी संशोधन सोडते म्हणाले त्या संध्याकाळी त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला होता आणि म्हटलं होतं, "याबद्दल मला अजून काही म्हणायचं नाही." त्या 'अजून'वर मी कित्येक वर्षं काढली. दवाखान्यातसुद्धा मी वाट बघितली होती. उशी सारखी करताना, नळीतले थेंब बघताना, मला वाटायचं, आता म्हणतील. आणि आता ते इथे, छापील, एका भेगेबद्दल.

आमच्या वरिष्ठांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणतात. त्यांच्या डोक्यात आकडे पूर्ण होत नाहीत, शेवटपर्यंत काहीतरी उरतंच. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले, तेव्हा त्यांच्या पडद्यावर वडिलांचाच पुंजका होता. मला जरा विचित्र वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपल्या माणसाचा फोटो दिसावा तसं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आधीच सांगतोय, हात लावू नकोस."

"ते गेलेत."

"माहीत आहे गं. मी आलो होतो की." आले होते. ओली छत्री कुठे ठेवावी ते न कळून शेवटपर्यंत हातात धरून उभे होते. "पण यंत्रणेला माहीत नाही. आणि यंत्रणेला कळवायचं, तर लेखकाने स्वतः कळवावं लागतं. नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावरून."

"गेलेल्या माणसाने?"

"नियम जिवंत माणसांसाठी केलाय, त्याला मी काय करू? ते प्रकरण विसरलीस? एका विद्यापीठाने शेजारच्यांचे चांगले धडधाकट प्राध्यापक मयत म्हणून कळवले होते. इकडे यांची क्रमवारी चढली, तिकडे ते बिचारे वर्गात शिकवताहेत. तेव्हापासून माणूस गेला की नाही हे फक्त तोच सांगू शकतो."

"मग हा एक निबंध तरी काढा."

"निबंध खरा आहे. नाव आहे. लेखकाची लेखी संमती आहे, मी तपासली. तुझ्याकडे काय आहे?"

"मृत्यूचा दाखला."

"त्यावर पूर्ण नाव असतं," ते खरोखरच्या दुःखाने म्हणाले. "आपल्याकडे आद्याक्षर लागतं."

मी जागेवर येऊन बसले. वडील एकदा माझं ऑफिस बघायला आले होते. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं, हवाले, भार, सरासरी, आणि शेवटी आमचा लाडका शब्द, इम्पॅक्ट. ते बराच वेळ गालात हसत होते. त्यांच्याकडेही तो शब्द होता. त्यांच्याकडे इम्पॅक्ट म्हणजे एक लोंबकळता जड हातोडा. तो सोडायचा, खाली खाच पाडलेला धातूचा तुकडा, हातोडा तुकडा तोडून पलीकडे वर जातो. जितका वर गेला तितकं त्या तुकड्याने कमी सोसलं. "तुमचा इम्पॅक्ट म्हणजे टाळ्या," ते म्हणाले, "आणि आमचा म्हणजे तुटताना कुणी किती अंगावर घेतलं ते. मोजतो दोघंही. बरं चाललंय." त्यानंतरचे काही दिवस मी ते ठिपके धड बघू शकले नाही. आता पुन्हा तेच झालं. मी बघत असताना, त्या दुपारीच, त्यांचा एक जुना ठिपका किंचित फुगला. कुठेतरी कुणीतरी त्यांचा हवाला दिला होता. मेलेल्या माणसाची नखं वाढत राहतात असं मी लहानपणी ऐकलं होतं. पुढे कुठेतरी वाचलं की तसं नसतं. कातडी सुकून मागे सरते, म्हणून नखं वाढल्यासारखी दिसतात. मी विचार करत राहिले, की इथे मागे कोण सरतंय.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. थोरला म्हणजे वडिलांचा पहिला विद्यार्थी, आता त्यांच्या जागी विभागप्रमुख. आमच्या घरात विद्यार्थ्यांना असंच म्हणत, थोरला, मधला, धाकटा. मी एकुलती एक असूनही त्या हिशेबात बरीच खाली यायचे. मी बसस्टॉपवर होते. रस्त्यापलीकडच्या दुकानात एक माणूस काचेच्या आत उभा राहून काच पुसत होता, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असल्यासारखं दिसत होतं.

"ताई, सरांच्या नोंदीबद्दल तुम्ही ऑफिसात विचारलंत असं कळलं. काही अडचण?"

"निबंधावर त्यांचं नाव का घातलंत?"

"सर घरातून गेले, ताई. विभागातून अजून कुठे गेलेत?"

"असं बोलू नका माझ्याशी. नीट सांगा."

त्याचा आवाज वेगळा आला, खूप पूर्वीचा, आमच्या स्वयंपाकघरात उभ्याने पाणी पिणाऱ्या मुलाचा. "नियमाप्रमाणे मसुदा सगळ्यांना पाठवावा लागतो. सळया सरांनीच लावल्या होत्या, जायच्या आधी. त्यांचा पत्ता यादीत होता. पाठवला मी. सवयीने. कोण उत्तर देणार होतं?"

"मग?"

"उत्तर आलं, ताई."

काचेतल्या माणसाने फडकं पिळलं.

"'हो' म्हणून आलं. आणि शेवटी एक वाक्य घालून आलं. मी घाबरलो. दोन दिवस विभागात गेलोच नाही. मग शांतपणे वाचलं. वाक्य बरोबर होतं."

"कोण पाठवतंय म्हणून विचारलं नाहीत?"

"कसं विचारणार? 'सर, आपण आहात का?' असं लिहू?" तो हसल्यासारखा झाला. "त्यानंतर दुसरा मसुदा पाठवला. त्यालाही 'हो' आलं. ताई, एक सांगतो, राग मानू नका. यंदा विभाग काठावर आहे. सर असले तर आपण वर. नसले तर खाली, आणि खाली गेलो तर तळघर बंद करणारेत. सरांची यंत्रं भंगारात जातील. तुम्ही काही करू नका एवढंच म्हणतो. काही करायला तर सांगत नाहीये ना?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात कामं उरकत होते, फोडी आणि जोडी, आणि प्रत्येक नाव मला संशयास्पद वाटत होतं. यातले किती जण नाहीत? यातल्या कितींच्या वतीने कुणी 'हो' म्हणतंय? ठिपक्यांनी भरलेला पडदा दुरून एखाद्या उंच इमारतीसारखा दिसत होता, सगळ्या खिडक्यांत दिवे आणि आत कुणी आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाने जे करू नये ते मी मग केलं. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून वडिलांच्या पत्त्यावर एक ओळ लिहिली. ओळही नाही, एक शब्द. 'बाबा?' पाठवल्यावर मी उठून पाणी प्यायले, खिडकीपाशी गेले. आमच्या खिडक्या उघडत नाहीत. खालच्या रस्त्यावर गाड्या आवाजाशिवाय जात होत्या. परत आले तेव्हा उत्तर आलेलं होतं.

'हो.'

मला भीती वाटली नाही, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. आधी वाटलं ते असं की कुणीतरी माझ्या खुर्चीमागे येऊन खुर्चीची पाठ हलकेच धरली आहे. वडील अभ्यासाच्या वेळी तसं धरत. बोलत नसत, खुर्ची जराशी मागे ओढली जायची आणि मला कळायचं. मी मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर तिथे छपाईचं यंत्र दिसलं असतं, आणि ते मला नको होतं. भीती घरी गेल्यावर आली, जेवताना, एकदम. कारण मला कळलं होतं की मी आणखी विचारणार आहे. मी विचारत राहीन आणि तिकडून 'हो' येत राहील, आणि हळूहळू मला कुणी खरं उत्तर देण्याची गरज उरणार नाही.

रविवारी दुपारी मी आईकडे गेले. वडील गेल्यापासून ती एकटी राहते. दार उघडून ती नेहमीसारखी आधी माझ्या चपलांकडे बघून "झिजल्यात गं" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. बैठकीच्या खोलीत वडिलांची खुर्ची खिडकीशी होती, आणि खुर्चीच्या हातावर त्यांचा फोन, चार्ज होत असलेला. त्याची वायर भिंतीपासून इतकी नीट नेलेली होती की ती रोजची असल्याचं दिसत होतं. मी उभीच राहिले. मला सगळं तिथेच कळलं, आणि कळूनही आत काही हललं नाही; सळईत भेग सापडते तेव्हा ती आधीपासूनच तिथे असते.

आई कप घेऊन बाहेर आली, माझ्याकडे आणि फोनकडे तिने पाहिलं, आणि कप ठेवला. "तुला मी उत्तर दिलं," ती म्हणाली. "चुकलं का?"

"आई, मी 'बाबा?' असं विचारलं होतं."

"हो ना. मग नाही कसं म्हणू तुला?"

मी बसले. खुर्चीवर नाही, स्टुलावर. आई खुर्चीवर बसली, आणि ती रोज तिथेच बसते हेही दिसलं. "पहिल्यांदा थोरल्याचं पत्र आलं ना," ती म्हणाली, "मी नुसतं वाचलं. 'सर, एकदा नजर टाकाल का?' इतकं अदबीने लिहिलेलं. घरात येणारे सगळे मलाच विचारायचे, कसं झालं, किती वाजता झालं, काही बोलले का. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. याने विचारलं. मला बरं वाटलं. म्हटलं, हो."

"आणि ते वाक्य?"

"कोणतं? ते होय. तेवढंच घातलं मी. तेवढं ते नक्की म्हणाले असते. शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. तुम्हा शास्त्रवाल्यांना ऱ्हस्वदीर्घ कधी कळणार आहे कोण जाणे."

मला हसू आलं आणि तिलाही आलं. वडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघी एकदम हसलो नव्हतो. त्या हसण्याचा आवाज खोलीत जरा जास्त वेळ राहिला, कुणी तिसरं मागून सामील झाल्यासारखा, आणि आम्ही दोघी एकदमच गप्प झालो. मी फोन हातात घेतला. पत्रांची रांग होती. परिषदांची निमंत्रणं, परीक्षणाच्या विनंत्या, कुठल्याशा मंडळाचं सभासदत्व. सगळ्यांना 'हो'. आईने त्यांच्या वतीने वर्षभरात कुठे कुठे कबूल करून ठेवलं होतं! सगळ्यात वर माझं 'बाबा?' होतं, त्याखाली थोरल्याचा दुसरा मसुदा. मी तो तिथेच बसून वाचला. आईने माझा चहा दोनदा गरम करून आणला. एका नव्या मिश्रधातूवरचा निबंध होता. वाहनांच्या, यंत्रांच्या भागांसाठी. तळघरातल्या चाचण्या मध्येच थांबवलेल्या होत्या, बहुधा क्रमवारीची तारीख गाठायची म्हणून, आणि शेवटी लिहिलं होतं की हा मिश्रधातू थकत नाही. खाली पहिलं नाव वडिलांचं.

"हे वाचलं होतंस?" मी विचारलं.

"वाचलं. कळलं नाही सगळं. भाषा बरी होती."

"इथे म्हणतात, तो थकत नाही."

आईने चष्मा वर केला. "न थकणारं काही नसतं," ती सावकाश म्हणाली, आणि तो तिचा आवाज असला तरी चाल त्यांची होती. "तुम्ही पुरेसे थांबला नाहीत एवढंच. असं ओरडायचे ना ते पोरांवर. मला ऐकू यायचं आत." खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकली आणि आत गेलं. "मी 'हो' म्हटलं याला," ती म्हणाली. "मी त्यांना हे म्हणायला लावलं."

"छापून यायचंय अजून. थांबवता येईल. त्यांची नोंद बंद केली की त्यांच्या नावाची संमतीही रद्द होते."

"मग कर की. तुझंच ऑफिस आहे."

"मला नाही करता येत. त्यांनी स्वतः कळवायला हवं. या फोनवरून."

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आमच्या ऑफिसातली सगळी माणसं तिच्या वर्गात असती तर बाकावर उभी राहिली असती. "आणि बंद केल्यावर?"

"त्यांचं विद्यापीठ खाली जाईल. तळघर कदाचित बंद होईल. थोरला माझ्याशी बोलणार नाही. आणि इथे पत्रं यायची बंद होतील."

"एकही येणार नाही?"

"नाही."

ती उठून खिडकीशी गेली, पडदा विनाकारण सरकवून परत पहिल्यासारखा केला. मला तिला सांगायचं होतं की त्या एका शब्दाच्या उत्तराने माझी खुर्ची कुणी धरल्यासारखं मला वाटलं होतं, की मलाही ते जायला नको होतं. मला हेही सांगायचं होतं की ते आजारपणात दर खेपेला डॉक्टरांना विचारत, "खरं काय ते सांगा," आणि खरं ऐकल्यावर त्यांना झोप लागे. यातलं काहीच मी म्हणाले नाही. आई परत येऊन खुर्चीवर बसली, तिने फोन माझ्यापुढे सरकवला. "लिही," ती म्हणाली. "मी तपासते."

अर्ज उघडला. कारण स्वतःच्या शब्दांत, प्रथमपुरुषी एकवचनात लिहावे, नाहीतर अर्ज बाद होईल, अशी सूचना होती, आणि चौकटीत 'मी' हा शब्द यंत्रणेने आधीच घालून ठेवला होता, खोडता न येणारा. मी पुढे लिहिलं. वर्षभर मी ते इतक्या ठिकाणी लिहिलं होतं, बँकेत, वीज कंपनीत, पेन्शनच्या ऑफिसात, ग्रंथालयात, 'माझे वडील वारले', 'माझे वडील वारले', की बोटं विचारायला थांबली नाहीत.

आई पुढे झुकली. "'मी वारले'?"

"चुकलं."

"'वारलो' हवं. पुरुष आहेत ते." मग तिने ते स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिलं, "मी वारलो," आणि अडखळली. "असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. जन्मभर मुलांकडून क्रियापदं चालवून घेतली. हे कधी घेतलं नाही. तो वारला, ती वारली, ते वारले. पहिला पुरुष आला की आपण पुढे जायचो."

"मग 'वारले'च राहू दे. आदरार्थी."

"स्वतःला कुणी आदरार्थी बोलतं का?"

"मग काय होईल?"

"मग ते त्यांचं होत नाही," आई म्हणाली. "तुझं होतं. नाहीतर माझं."

आम्ही दोघी त्या दोन शब्दांकडे बघत राहिलो. दुपारचं ऊन खुर्चीच्या हातावरून खाली उतरलं होतं आणि फोनची काच त्यात काळी दिसत होती, तिच्यात आमची डोकी जवळजवळ, कुठलं कुणाचं ते न कळण्याइतकी. मी 'वारलो' करायला बोट पुढे नेलं. आईने ते हलकेच बाजूला केलं.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "पाठव."

मी पाठवलं आणि फोन तिच्याकडे दिला. काही वेळ काहीच झालं नाही. मग फोन तिच्या हातात थरथरला, आणि तिने आजवर त्यांच्या नावाने आलेलं प्रत्येक पत्र जसं वाचलं असेल तसं, मोठ्याने, विरामचिन्हं पाळत, वाचायला सुरुवात केली. "आपल्या निधनाबद्दल आम्हाला मनःपूर्वक दुःख होत आहे. आपली नोंद बंद करण्यात आली आहे." ती थांबली. पुन्हा वरच्या ओळीवर आली, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून, वर्गात विचारायची तशी, उत्तर ठाऊक असल्यासारखी तिने विचारलं,

"'आपल्या' म्हणजे कुणाच्या गं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो.